सिलिंडरमागची हवा गार नसते

गेल्या अंकात टाकीच्या गंजावर उत्तर देताना मी ओघात एक वाक्य लिहिलं होतं : फिल्टर बॉक्स काढून नुसता कोन फिल्टर (शंकूसारखा उघडा फिल्टर) लावलेली गाडी माझ्या कोल्हापुरातल्या उद्यमनगरच्या गॅरेजला आली, की मी कार्बोरेटरच्या आधी बोअर, म्हणजे पिस्टन फिरतो ती सिलिंडरची आतली भिंत, तपासते. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली की या वेळचं सदर हवेलाच द्यायचं ठरवलं. काहींनी रागावून लिहिलंय, काहींनी फोटो पाठवलेत. गाडी देखणी दिसावी ही हौस मला मनापासून आवडते. बाबांच्या लेथवर मीही हँडलबारच्या टोप्या घासत मोठी झाले. तेव्हा कुणाच्या हौसेला नावं न ठेवता लिहिते.

प्रश्न : ताई, नमस्कार. माझी २०१४ ची क्लासिक ३५० आहे, कार्बोरेटरवाली. सीटखालची जागा आरपार मोकळी दिसावी म्हणून दोन महिन्यांपूर्वी दोन्हीकडचे डबे काढले, बॅटरी मागे सरकवली आणि कार्बोरेटरला सरळ कोन लावला. गाडी देखणी झाली, आवाजही भरदार झाला. मोकळी, गार हवा मिळाली की इंजिन पळेल, असं मिस्त्री म्हणाला होता. पण आता रेस सोडली की सायलेन्सरमध्ये फटफट होते, हायवेला ट्रक ओलांडताना गाडी गचकते आणि ३५ चं अ‍ॅव्हरेज २९ वर आलंय. मोठा जेट टाकू का? (कराड)

उत्तर : जेट म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोल मोजून सोडणारी बारीक छिद्राची तोटी. तिच्याकडे येऊच, पण आधी एक करा. गाडी अर्धा तास फिरवून आणा, स्टँडला लावा आणि इंजिन चालू असतानाच कोनाजवळ तळहात धरा. सिलिंडरपासून तो जेमतेम वीतभर लांब आहे. सिलिंडरच्या फिन्सवरून (बाहेरच्या पात्यांवरून) तापून निघालेली हवा थेट तिथे येते. गार हवेसाठी लावलेला फिल्टर गाडीवरच्या सगळ्यात गरम जागांपैकी एकीवर बसलाय.

हे नुसतं बोलायचं नाही म्हणून मागच्या मे महिन्यात मी अशाच एका गिऱ्हाइकाच्या गाडीवर थर्मामीटरची वायर कोनाच्या तोंडाशी बांधली आणि शिरोलीपर्यंत जाऊन आले. बाहेर ३७ अंश होते. साठच्या वेगात कोनाशी ४६ दिसले आणि तावडे हॉटेलपाशी दोन मिनिटं अडकले तेव्हा ५८. दुसऱ्या दिवशी मूळ डबा, म्हणजे फिल्टर बॉक्स, परत बसवून तीच फेरी त्याच वेळेला मारली. धावताना डब्यात ४०, अडकल्यावर ४४. कंपनीने डब्याचं तोंड इंजिनापासून आड ठेवलेलं असतं ते याचसाठी.

आता याचा ताकदीशी हिशोब. हवा तापली की विरळ होते आणि तेवढ्याच घोटात तिचं वजन कमी भरतं. साधारण तीन अंशांना एक टक्का धरा. म्हणजे ४६ विरुद्ध ४० मध्ये दोन टक्के गेले. तुमच्या गाडीची ताकद १९.८ बीएचपी. उद्या कुणी तुम्हाला ४५ ऐवजी २५ अंशांची हवा पुरवली, तरी वाढून वाढून सव्वा बीएचपी वाढेल. गार हवेचा फायदा खरा आहे, मी तो नाकारत नाही. पण तो एवढाच आहे, आणि तुमच्या जोडणीत तर तो उलटा झालाय.

ट्रकची तक्रार मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती जिवाशी येते. तुमचा कार्बोरेटर व्हॅक्यूमवर चालणारा, २९ मिलिमीटरचा. त्यात हवा-पेट्रोलची वाट कमी-जास्त करणारा एक सरकता तुकडा असतो, तो स्लाइड. रेसची केबल स्लाइडला थेट उचलत नाही. केबल फक्त फुलपाखरू, म्हणजे हवेच्या वाटेतली गोल झडप, उघडते. स्लाइड वर जाते ती रबरी डायफ्रॅमच्या (पातळ पडद्याच्या) वरच्या आणि खालच्या दाबातल्या फरकाने. हा फरक फार नाजूक असतो. डब्यातली हवा संथ असते, त्यामुळे स्लाइड शांतपणे वर-खाली होते. उघड्या कोनावर ट्रकच्या बाजूचा झोत आदळला की तो दाब क्षणात हलतो, स्लाइड दचकते आणि पेट्रोल कमी-जास्त होतं. ऐन ओलांडताना गाडीने दगा देणं म्हणजे काय, हे किणी टोलनाक्याच्या पुढेमागे रोज जाणाऱ्याला सांगायला नको.

एक गोष्ट आजच बघा. कोन काढून कार्बोरेटरच्या मागच्या तोंडात टॉर्च मारा. कडेला टाचणी जाईल एवढी बारीक छिद्रं दिसतील आणि डायफ्रॅमखालच्या कप्प्यात हवा नेणारी एक खाचही दिसेल. स्वस्तातल्या कोनांच्या रबराची कड जाड असते आणि आत गेली की नेमकी हीच छिद्रं झाकते. मग कितीही जेट बदला, गाडी लागत नाही. माझ्याकडे आलेल्या तीन गाड्यांमध्ये एवढंच निघालं होतं. ब्लेडने रबराची कड तिरकी कापली आणि अर्धी तक्रार मिटली.

सायलेन्सरमधल्या फटफटीची कारणं दोन. डबा गेल्याने अडथळा कमी झाला, हवा वाढली, पेट्रोल तेवढंच राहिलं, म्हणजे मिश्रण पातळ पडलं. रेस सोडल्यावर ते सिलिंडरमध्ये धड जळत नाही आणि तापलेल्या बेंड पाइपात जाऊन पेटतं. दुसरं कारण डब्याला जोडलेल्या नळ्यांचं. इंजिनाचा ब्रीदर पाइप आणि धूर कमी करण्यासाठी एक्झॉस्टला हवा देणाऱ्या व्हॉल्व्हचा पाइप मूळ डब्यातून हवा घेत होते. ते आता कुठे आहेत? बहुतेक वेळा फ्रेमला टाय मारून लोंबत सोडलेले असतात. म्हणजे एकातून ऑइलची वाफ बाहेर आणि दुसऱ्यातून धूळ आत.

अ‍ॅव्हरेजचंही यातच आलं. सुरुवातीची ओढ गेली म्हणून तुमचा हात नकळत जास्त रेस देतोय. ही ओढ डब्यातून आणि कार्बोरेटरपर्यंतच्या रबरी नळीच्या लांबीतून येते. सिंगल सिलिंडर हवा सलग ओढत नाही, गटागटा पिते. ४००० आरपीएमला सेकंदाला ३३ घोट. प्रत्येक घोटाला जवळ साठा लागतो आणि ती नळी घोटांच्या लाटा जुळवून आणते. त्या लांबीवर कंपनीत कुणीतरी महिनोन् महिने घालवलेले असतात.

आणि मग धूळ. तुमच्या ३४६ सीसीच्या इंजिनाने ५००० आरपीएमला पूर्ण रेसवर कागदावरच्या हिशोबाने मिनिटाला ८६५ लिटर हवा ओढली. चाळीस मिनिटांत दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंच खोली रिकामी. कराडच्या रस्त्यावर ऊसतोडीच्या दिवसांत ती हवा कशी असते ते तुम्ही जाणता. ट्रॉलीच्या चाकांना शेतातली माती, ती रस्त्यावर वाळते, तिचा फुफाटा होतो, वर पाचट पेटवल्याची काजळी. विरळ जाळीच्या कोनातून यातलं बारीक ते सगळं आत जातं, ऑइलमध्ये मिसळतं आणि पिस्टन-रिंगच्या मध्ये व्हॉल्व्ह घासायच्या मसाल्यासारखं काम करतं. बाबांनी मला पहिली शिकवलेली परीक्षा हीच : हेड उघडलं की गेज हातात घेण्याआधी बोअरच्या आतून वरच्या कडेकडे नख फिरवायचं. जिथे वरची रिंग थांबून परत फिरते तिथे नख अडलं, तर धूळ आत गेली आहे. ७० मिलिमीटरच्या बोअरमध्ये ती पायरी डोळ्याला दिसत नाही, नखाला मात्र लागते. मागच्या हंगामात एक गाडी आली, कोन लावून जेमतेम नऊ हजार किलोमीटर झालेली, आणि नख टच्चकन अडलं. ओव्हरसाइज पिस्टन, बोरिंग, होनिंग, रिंगा. फिल्टर हजार रुपयांचा होता.

मग काय करायचं? माझं मत विचाराल तर डबा परत बसवा आणि त्याचं रूप बदला. स्टिकर काढा, घासा, मॅट काळा किंवा टाकीच्या रंगाचा मारा. वरून अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचं, खाचा पाडलेलं झाकण बसवा. सीटखालचा मोकळा त्रिकोण हवाच असेल तर खरं काम करावं लागेल. सीटखाली लपेल असा दुसरा डबा बनवायचा. असा एक मी दीड मिलिमीटरच्या अ‍ॅल्युमिनियमचा, आर्गन वेल्डिंग करून बनवलाय. घनफळ मूळ डब्याएवढं हवं, म्हणून मूळ डबा ज्वारीने काठोकाठ भरला आणि ती ज्वारी नव्यात ओतली. दोन मुठी उरली, म्हणून मागची भिंत बोटभर मागे घेतली. रबरी नळीची लांबी मूळचीच ठेवली, फिल्टरचा कागद मूळच्यापेक्षा कमी होऊ दिला नाही, दोन्ही पाइप डब्याला जोडले आणि तोंड टाकीच्या मागच्या टोकाखाली, इंजिनाकडे पाठ करून काढलं. सिलिंडर आणि कार्बोरेटरच्या मध्ये पातळ पत्र्याचा पडदा दिला, दोन्हीकडे बोटभर मोकळी जागा ठेवून. गार हवा अशी मिळते. गाडीही आरपार दिसते, फक्त खर्च आणि चार दिवस लागतात.

आता जेट. कोन ठेवायचाच असा तुमचा निर्णय असेल, तर रबराची कड नीट करून, पाइपना त्यांचे छोटे फिल्टर लावून, मग मेन जेट एकेक पायरीने वाढवा. आकडे अडीच-अडीचने चढतात, एकदम तीन पायऱ्या उडी नको. प्रत्येक वेळी मोकळ्या चढावर पूर्ण रेसमध्ये थोडं अंतर जा, क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद करा, बाजूला थांबा आणि प्लग थंड झाल्यावर काढून बघा. चिनी माती पांढरीफटक दिसली तर पेट्रोल अजून कमी आहे, काजळी धरली तर जास्त. बिस्किटाचा रंग आला की थांबा. ट्रकजवळचं गचकणं मात्र जेटने जाणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

प्रश्न : मावशी, मी निपाणीचा, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मामांची १९९५ ची आरएक्स १०० मला मिळाली आहे. फिल्टर बॉक्सचं झाकण काढून चालवली की आवाज लई भारी येतो आणि पिकअप पण वाढल्यासारखं वाटतं. झाकणाला मोठी छिद्रं पाडून आतून सोनेरी जाळी लावू का? दिसायला पण नादखुळा होईल. (निपाणी)

उत्तर : नको बाळा. हे पत्र वाचून मी त्याच दिवशी तुला फोन केला असता, पण नंबर दिलेला नाहीस. अंक हातात पडला की आधी झाकण लाव आणि मग पुढचं वाच.

वरच्या क्लासिकसारख्या बुलेटमध्ये जे चार-सहा महिन्यांनी होतं, ते टू-स्ट्रोकमध्ये चार-सहा मिनिटांत होऊ शकतं. तुझ्या गाडीत पेट्रोल जळण्यासोबत पिस्टनला गारही ठेवतं. कार्बोरेटरमधून आलेला पेट्रोलचा गार फवारा पिस्टनखालून, क्रँककेसमधून फिरूनच वर जातो. झाकण काढलंस की हवा वाढते, फवारा पातळ होतो आणि पिस्टन तापतो. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, त्याच्याभोवतीचं सिलिंडरचं लायनर बिडाचं. मधली फट संपली की इंजिन जाम, आणि मागचं चाक तिथेच लॉक. तुला पिकअप वाढल्यासारखं वाटतंय तेही खोटं नाही. मिश्रण पातळ पडू लागलं की जाम होण्याच्या आधी टू-स्ट्रोक काही वेळ फार चपळ पळतं. जुने रेसवाले याच क्षणाला घाबरतात.

माझ्या टेबलावर असाच एक पिस्टन ठेवलेला आहे. सायलेन्सरकडच्या बाजूला दोन बोटं रुंद पट्टा, त्यावर उभे राखाडी ओरखडे, आणि ओरखड्यांच्या खाली वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम पुसल्यासारखं पसरलेलं. खालची रिंग खाचेतच चिकटलेली आहे, नखाने हलत नाही. दुसऱ्या बाजूला अगदी गुळगुळीत, जणू काही झालंच नाही. त्या गाडीवरचा मुलगा कागलचा चढ चढताना पडला, सुदैवाने मागे गाडी नव्हती. तुझ्या वयाचं कुणी गॅरेजला आलं की मी तो पिस्टन हातात देते.

आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ ला थांबलं. चांगला मूळ सिलिंडर आता शोधावा लागतो, आणि जास्त बोरिंग झालेल्याला परत मूळचं करता येत नाही. मामांनी एवढी वर्षं जपलेली वस्तू आहे ती.

आवाज आणि रूप, दोन्हीसाठी हे कर. आतला फोम काढ, रॉकेलमध्ये हलक्या हाताने धू, मग साबणाच्या पाण्यात, आणि सावलीत पूर्ण वाळव. स्वच्छ ऑइलमध्ये बुडवून दोन्ही तळहातांत दाबून काढ, पिळू नकोस, पिळला की फाटतो. तो कुरकुरीत होऊन तुकडे पडत असतील तर नवा घाल. शेकडा नव्वद जुन्या आरएक्समध्ये फोम एक तर सडलेला असतो किंवा मागच्या मालकाने काढून टाकलेला असतो. मग डब्यापासून कार्बोरेटरपर्यंतचं रबर वाकवून बघ, तडे असतील तर तेही बदल. एवढं केल्यावर गाडी जी सरळ, सलग ओढ घेईल ती तुला झाकण काढून कधी मिळाली नसेल. साइड पॅनेलला बाहेरून सोनेरी पट्टी मार, हवं तर डब्याच्या झाकणावर खोटी जाळी चिकटव. छिद्र मात्र एकही पाडू नकोस.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी नवी बीएस-सिक्स गाडी घेतली. फिल्टर बॉक्सच्या तोंडाचा रबरी नळीसारखा भाग काढला की हवा वाढते आणि आवाज खुलतो म्हणतात. करू का? इंजेक्शनवाली गाडी आपोआप जुळवून घेते ना? (पुणे)

उत्तर : थोडंफार घेते, सगळं नाही. सायलेन्सरजवळचा ऑक्सिजन सेन्सर शांत चालीत मिश्रण सुधारत राहतो. पूर्ण रेस दिली की बहुतेक गाड्यांत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, त्याचं ऐकणं सोडून आपल्या ठरलेल्या तक्त्यावर चालतो, आणि तो तक्ता त्या नळीसकट बनवलेला असतो. म्हणजे जिथे तुम्हाला फायदा हवा, तिथेच दुरुस्ती होत नाही. शिवाय वॉरंटी चालू आहे.

तुम्ही पुण्यातच आहात. तुमच्याच शहरात एआरएआयसारख्या संस्थेत गाड्यांच्या धुराची आणि आवाजाची चाचणी होते, ती फिल्टर बॉक्स जागेवर असलेल्या गाडीची. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेपासून गाडी बदलण्यावर बंधन घालतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ मध्ये अशा प्रत्येक बेकायदा बदलाला मालकासाठी ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही आहे. त्याच मापाचा, त्याच जागी बसणारा चांगला फिल्टर बदलणं वेगळं आणि डबा कापणं वेगळं. तुमच्या गाडीला वर्षभर काहीच करू नका.

प्रश्न : ताई, आम्ही चिपळूणचे. माझ्या गाडीला टाकीखालून पुढे हवेची नळी न्यायची आहे, म्हणजे इंजिनाची गरम हवा टळेल. पण आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. नळीचं तोंड कुठे ठेवू? (चिपळूण)

उत्तर : विचार अगदी योग्य दिशेने केलात. गरम हवा टाळायची तर डबा ठेवून त्याला नळी द्यायची, हेच मी वर सांगितलं. नळी आतून ४० मिलिमीटरपेक्षा कमी नको, आणि मूळ तोंडापेक्षा अरुंद तर मुळीच नको. वळणं कमीत कमी ठेवा. तोंड टाकीच्या पुढच्या भागाखाली घ्या, पण समोर बघणारं करू नका. खाली किंवा मागे वळवा. पाऊस समोरून येतो आणि पुढच्या चाकाचा चिखल खालून, त्यामुळे मडगार्डच्या रेषेपासूनही आड हवं. नळीचा जो भाग सगळ्यात खाली येईल तिथे तीन मिलिमीटरचं एक छिद्र पाडा, म्हणजे आत शिरलेलं पाणी डब्यात जाण्याआधी निथळेल. जूनच्या आधी डब्याच्या झाकणाचं रबर बदला. कागदाचा फिल्टर ओला झाला की फुगतो, श्वास कोंडतो, गाडी काळा धूर टाकत बंद पडते. असा फिल्टर वाळवून परत वापरू नका.

तोंड मात्र मूळच्यापेक्षा खाली आणू नका. २२ जुलै २०२१ तुम्ही पाहिलाय, वाशिष्ठीने काय केलं ते मी तुम्हाला सांगायला नको. त्याआधी २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी आमच्या शाहूपुरीत शिरलं होतं. पाणी उतरल्यावर रांगेने गाड्या आल्या. ज्यांनी घाईने स्टार्टर मारला होता त्यांच्यातल्या काहींचे कनेक्टिंग रॉड वाकले होते, कारण पाणी दाबलं जात नाही, लोखंड वाकतं. ज्यांनी ढकलत आणल्या, त्या बहुतेक वाचल्या. म्हणून हे कपाटाच्या दाराला चिकटवून ठेवा : बुडालेल्या गाडीची चावी फिरवायची नाही. बॅटरीची वायर काढायची, प्लग काढायचा, मग किक हाताने हळूहळू दाबून सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढायचं. किक नसेल तर वरचा गिअर टाकून मागचं चाक फिरवायचं. ऑइल सोडून बघायचं, ताकासारखं पांढरट निघालं तर स्वच्छ निघेपर्यंत दोन-तीनदा बदलायचं. कार्बोरेटरची वाटी आणि फिल्टर बॉक्स रिकामा करायचा. इंजिन त्यानंतर सुरू करायचं.

प्रश्न : ताई, माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. त्याला दीडशे सीसीच्या गाडीला टाकीच्या दोन्ही बाजूंनी पुढे तोंड केलेले हवेचे झोतवाले डबे बसवायचे आहेत, चार हजार रुपये मागतो आहे. वेगात हवा आत कोंबली जाते आणि ताकद वाढते म्हणतो. मला यातलं काही कळत नाही. पैसे देऊ का? नाही म्हटलं की तो जेवत नाही. (इचलकरंजी)

उत्तर : तुमचा मुलगा जे सांगतोय ते खरं आहे, आणि ते त्याला कुठून तरी नीट कळलेलं आहे, हे आधी सांगते. अशी रचना कावासाकीने १९९० मध्ये झेडएक्स-११ या गाडीवर आणली, रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत पहिल्यांदाच. पण ती गाडी तासाला २७०-२८० किलोमीटर धावणारी होती. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. २८० ला तो हवेच्या नेहमीच्या दाबाच्या साडेतीन टक्क्यांच्या आसपास भरतो. १०० ला भरतो अर्धा टक्काही नाही. इचलकरंजी-कोल्हापूर रस्त्यावर साठने जाताना तर टक्क्याचा सहावा हिस्सा. हा हिशोब त्याच्या हातात द्या, कागद-पेन्सिल घेऊन करू दे : हवेची घनता १.१८, गुणिले वेगाचा वर्ग (वेग मीटर प्रति सेकंदात), भागिले दोन. उत्तर पास्कलमध्ये येईल, ते हवेच्या नेहमीच्या दाबाशी, म्हणजे १,०१,३२५ शी ताडून बघायचं. ज्या मुलाला हवेचा दाब कळतो त्याला हे पंधरा मिनिटांत पटेल, आणि ते आईने नाही म्हणण्यापेक्षा चांगलं.

पण हौस उरतेच, आणि ती मारू नये असं मला वाटतं. त्याला नुसतं रूप हवं असेल, तर तयार डबे विकत घेऊ नका. ते फायबरचे असतात, दोन स्क्रूवर टाकीला लटकतात, हँडल पूर्ण वळवल्यावर अंगठा मध्ये अडकतो, हे मी एका गाडीवर स्वतः पाहिलंय. त्याऐवजी त्याला साइड पॅनेल घडवू दे. एक मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, पत्रा कापायची कात्री, कानस, लाकडी हातोडी आणि जुन्या पायपुशीवर ठेवलेली वाळूची पिशवी. मूळ पॅनेलचा कागदी साचा काढायचा, आधी पुठ्ठ्यावर कापून गाडीवर धरून बघायचा. खाचा पाडायच्या त्या तोंड मागे करून, म्हणजे पाऊस आत जात नाही. फिल्टर बॉक्सला हातही लावायचा नाही. सामान हजार-बाराशेत बसेल, उरलेल्यातून त्याला चांगले हातमोजे घेऊन द्या, कापलेल्या पत्र्याची धार फार वाईट असते.

पहिला पत्रा वाकडा होणार, दुसराही होईल कदाचित. रविवारी सकाळी दहा ते एक माझ्याकडे गिऱ्हाईक नसतं आणि वाळूची पिशवी नुसतीच पडून असते. उद्यमनगरात त्याला पाठवून द्या. मूळ पॅनेल आणि त्याचे रबरी बूच सोबत आणायला सांगा, बुचांच्या छिद्रांचं अंतर त्यावरूनच घ्यायचं असतं.